एमएसच्या संशोधनासाठी छोटे अनुदान: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तहसिलीत गौतमपुरा आहे. अशा गावातल्या एखाद्या पंचविशीच्या मुलीला एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागते. काही आठवड्यांत नजर बरीचशी सुधारते, घरचे निर्धास्त होतात. काही महिन्यांनी पायाला मुंग्या येतात, तोल जातो. ही मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे एमएसची, सुरुवात असू शकते. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. पहिल्या लक्षणापासून इंदूरच्या मेंदूविकारतज्ज्ञाने निदान करेपर्यंत अशा रुग्णाचा किती काळ जातो आणि तो नेमका कुठे जातो, हा संशोधनाचा चांगला प्रश्न आहे. त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. तरी असे प्रश्न अर्जापर्यंत पोहोचत नाहीत, कारण आधीच काही समजुती आडव्या येतात.

पहिली समजूत अशी की एमएस हा थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे त्यावर पैसे कोण देणार? जगभरात सुमारे २८ लाख लोकांना एमएस असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय एमएस महासंघाने २०२० मध्ये दिला. भारतात लाखामागे एक-दोन रुग्ण असा जुना अंदाज होता. एमआरआय उपलब्ध झाला, मेंदूविकारतज्ज्ञ वाढले, मंगळूरसारख्या शहरात प्रत्यक्ष मोजणी झाली आणि आकडा त्याहून बराच वर गेला. मुंबईत मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाजात एमएस बराच आढळतो हे दाखवले. त्यांचा निबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि मुंबईबरोबर पुण्याचे पारशीही त्यात होते. एका समाजाबद्दल विचारलेला प्रश्न जगाच्या वैद्यकीय साहित्यात जाऊन बसला. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, एमएस आणि तत्सम आजारांची राष्ट्रीय नोंदवहीही सुरू केली आहे. तिचे समन्वयन दिल्लीच्या एम्समधून होते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही एमएसचे नाव स्पष्टपणे आहे. आपल्याकडे हा आजारच नाही, ही सबब आता चालणार नाही.

दुसरी समजूत जास्त नुकसान करते: छोट्या रकमेतून काय होणार?

१९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी यांनी वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली. त्यांच्या भावाला एमएस होता. या आजारातून कोणी बरे झाले असेल तर कळवावे, एवढीच विनंती होती. उत्तरे आली ती बहुतेक त्यांच्यासारख्याच अगतिक कुटुंबांची. त्यातून पुढच्या वर्षी अमेरिकेतली एमएस संस्था उभी राहिली. तिने दिलेल्या अगदी सुरुवातीच्या अनुदानांपैकी एक कोलंबिया विद्यापीठातल्या एल्विन कबाट यांना मिळाले. एमएसच्या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात ठरावीक प्रथिने वाढलेली असतात, हे त्यांच्या कामातून पुढे आले. आजही एमएसचा संशय असला की पाठीतले पाणी काढून त्यात प्रतिपिंडांचे पट्टे दिसतात का ते पाहतात. त्या चाचणीची मुळे या कामात आहेत. छोट्या अनुदानाचे खरे काम एवढेच: कल्पनेत दम आहे की नाही हे दाखवणारी पहिली माहिती मिळवणे. ती हाती असली की मोठ्या अनुदानाचा अर्ज उभा राहतो.

शिवाय ‘छोटे’ म्हणजे किती, हेही पाहावे. आयसीएमआरने २०२३ मध्ये बाहेरच्या संस्थांसाठी जी लघु अनुदाने जाहीर केली, त्यांची कमाल मर्यादा २ कोटी रुपये होती. दुसऱ्या टोकाला एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी १९७९ पासून चालू असलेली दोन महिन्यांची अल्पकालीन शिष्यवृत्ती आहे. गौतमपुऱ्याच्या रुग्णांचा वर मांडलेला प्रश्न एखादी विद्यार्थिनी आपल्या मार्गदर्शकांच्या हाताखाली त्या शिष्यवृत्तीतही सुरू करू शकते. जुने केसपेपर चाळायचे, रुग्णांशी बोलायचे, तारखा मांडायच्या.

“अनुदाने दिल्ली-मुंबईवाल्यांनाच मिळतात,” असे इंदुरात सहज म्हटले जाते. मोठ्या संस्थांना फायदा मिळतो हे मला मान्य आहे, पण दार बंद नाही. एमएसशी ज्याचे नाते सध्या सर्वाधिक चर्चेत आहे त्या एपस्टाइन-बार विषाणूवरचे काम इंदुरातच झाले आहे. २०२२ च्या जानेवारीत हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून सांगितले की या विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. त्याच्या आदल्या वर्षी इंदूर आयआयटीतल्या हेमचंद्र झा आणि राजेश कुमार यांच्या गटांनी हाच विषाणू मेंदूच्या पेशींमध्ये काय बदल घडवतो हे रामन वर्णपटाच्या साहाय्याने टिपले होते. त्यासाठीचे उपकरण केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या एका योजनेतून आलेले होते. जीवशास्त्रज्ञाला पदार्थविज्ञानाची जोड आणि दिल्लीच्या विकृतिशास्त्र संस्थेची साथ मिळाली. छोट्या शहरातल्या अर्जदाराने यातून एक गोष्ट घ्यावी: जे आपल्याकडे नाही ते ज्याच्याकडे आहे त्याला आधीच सोबत घ्यावे आणि त्याचे संमतीपत्र अर्जाला जोडावे.

अर्ज नाकारला जातो तो इंग्रजीमुळे, असेही पुष्कळांना वाटते. परीक्षक भाषेच्या फार आधी प्रश्न पाहतात. ‘माळव्यातील एमएसचा सर्वांगीण अभ्यास’ हे शीर्षक वाचून कोणालाच काही कळत नाही. ‘इंदूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील एमएस रुग्णांत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा कालावधी आणि विलंबाची कारणे’ असे लिहिले की किती रुग्ण लागतील, कोण मोजणार, किती महिने लागतील हे सगळे त्यातूनच निघू लागते. मग अंदाजपत्रकाचे पान पाहा. माहिती गोळा करणाऱ्याचे मानधन, गावोगावचा प्रवास, छपाई, रुग्णाला दिवसभर अडकवले तर त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, संस्थेचा वरखर्च. प्रत्येक रकमेपुढे ती का, हे एका वाक्यात यायला हवे. तीन गावांना जायचे असताना प्रवासाला शून्य रुपये लिहिले, तर काटकसर दिसत नाही, अर्जदार कधी तिकडे गेलाच नाही हे दिसते. रुग्णसंख्या ठरवायला संख्याशास्त्रज्ञाला अर्ज लिहिण्याआधी भेटावे, नंतर नव्हे.

पैशांबद्दल आणखी काही गोष्टी थोडक्यात. संशोधनाचे अनुदान हे उपचारांचे पैसे नव्हेत. त्यातून कोणाच्या इंजेक्शनांचा खर्च भागत नाही, आणि रुग्णांच्या घरच्यांना हे पहिल्याच भेटीत नीट सांगणे आपले कर्तव्य आहे. नीती समितीच्या मंजुरीशिवाय काम सुरू करता येत नाही. सरकारी अनुदानाचे खर्चपत्रक आणि विनियोग प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो. परदेशी अनुदान घेणाऱ्या खासगी न्यासाला परकीय अंशदानाच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. परदेशी संस्थेबरोबरच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही घ्यावी लागते. या कागदांचे महिने वेळापत्रकात धरावेत.

एमएसचे काम परदेशात शिकून यायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय महासंघाची ड्यू प्रे अनुदाने आहेत. एमएसमुळे वादन सोडावे लागलेल्या आणि १९८७ मध्ये वारलेल्या चेलोवादक जॅकलीन ड्यू प्रे यांच्या नावाची ही अनुदाने भारतासारख्या देशांतल्या संशोधकांना अनुभवी केंद्रात काही महिने काम करण्यासाठी मिळतात. वय, पदवी आणि मुदतीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचाव्यात, मित्राने सांगितलेल्या नव्हे.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या. त्यांतले निम्मे तरी प्रश्न अधिक धारदार करणारे असतात. दुरुस्त केलेला अर्ज पुन्हा पाठवायला कमीपणा नाही.

आणि पुढची जाहिरात निघण्याची वाट पाहू नका. एका पानावर प्रश्न लिहा. विभागप्रमुखांना, एका संख्याशास्त्रज्ञाला आणि एमएस असलेल्या किमान एका व्यक्तीला ते वाचायला द्या. १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडे विचारणा केली तर असे रुग्ण भेटू शकतात. तुमचा प्रश्न त्यांच्या उपयोगाचा आहे की नाही हे तेच सर्वांत आधी सांगतील.