गाडीचा एसी: आधी लक्षण ओळखा, मग गॅस भरा

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. वर्षभरातच कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरला, तर पैसेही वाया जातात आणि वातावरणही तापते. अनेक गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक तापमानवाढ करतो.

लक्षण काय सांगते?

■ हवाच कमी येते: केबिन फिल्टर धुळीने भरला असावा. तो बहुधा ग्लव्ह बॉक्समागे असतो. घरीही बदलता येतो.

■ धावताना गार, सिग्नलला कोमट: कंडेन्सरचा पंखा बंद असेल किंवा जाळी चिखल-किड्यांनी तुंबली असेल.

■ हवा भरपूर, पण गार नाही: गॅस कमी असेल किंवा कॉम्प्रेसर चालू होत नसेल. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसतात का, पाहा.

■ कुबट वास: इव्हॅपोरेटरवर बुरशी धरली आहे. मुक्कामाला पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून पंखा चालू ठेवा.

■ गाडीखाली पाण्याचे थेंब: हा बिघाड नव्हे. पाणी आत पायाशी साचले, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे.

वर्षभराची सवय: थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवा. कॉम्प्रेसरचे तेल गॅससोबतच फिरते. त्यामुळे सील कोरडे पडत नाहीत.

सावधान: नळ्या स्वतः उघडू नका. आर-१३४ए गॅस उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्वचेला आणि डोळ्यांना हिमदाह होऊ शकतो.