जुनी ४०७ : ठेवावी की काढावी?



नरडाण्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्याने नव्या गाड्या भरधाव जातात. पण बेणे, खत, वाढे वाहायला आपल्या भागात अजून जुनी टाटा ४०७ दिसतेच. टेल्को कंपनीने ही गाडी १९८६ साली बाजारात आणली. त्या वेळी डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा अशा जपानी सहकार्याच्या गाड्यांशी तिची स्पर्धा होती. ती तगली, कारण साधे इंजिन, साधा डिझेल पंप आणि गावातला मिस्त्रीही खोलू शकेल अशी बांधणी.

आमच्या गटातील एका सभासदाकडे १९९६ सालची, एमएच-१८ क्रमांकाची ४०७ आहे. "गाडी जुनी शे भाऊ, पन दगा देत नही," असे ते सांगत. दोन वर्षांपूर्वी मात्र तिने दगा दिला, आणि त्यात दोष आमचाही होता.

सुरू लागणीचे दिवस होते. को ८६०३२ चे बेणे न्यायचे होते. माल दोन खेपांचा. दिवस मावळायला आलेला. "एकाच खेपेत उरका," असे आम्हीच म्हणालो. शेतरस्त्याच्या चारीत मागचा मुख्य पाटा तुटला. दुसरी गाडी मिळून बेणे शेतात पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. बेणे तोडल्यापासून चोवीस तासांत लावावे, हे आम्हीच सभासदांना सांगतो! टिपरी सुकली, चढउतारीत डोळे मोडले, उगवण विरळ झाली. नांग्या भरूनही प्लॉट एकसारखा झाला नाही. पाट्याचा खर्च त्या मानाने किरकोळच म्हणायचा.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की जुनी गाडी वयाने कमी आणि जादा वजनाने जास्त मरते. नोंदणी पुस्तकात असेल तेवढेच वजन भरावे, मग सांगणारा आमच्यासारखा अधिकारी का असेना.

दुसरी गोष्ट धुराची. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी हवेचा फिल्टर पाहावा, मग नोझल तपासून घ्यावेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जाते आहे, मिस्त्रीला दाखवावे. हंगामात फुफाटा फार, म्हणून हवेचा फिल्टर वरचेवर साफ करावा.

तिसरी गोष्ट, बसून राहण्याची. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत ओल धरते आणि पाणी डिझेलमध्ये उतरते. बॅटरीची तार सोडावी. टायरवरचा भार काढावा.

आता ठेवावी की काढावी? त्यासाठी एक वही घालावी. डिझेल, ऑइल, टायर, मिस्त्री, विमा, पर्यावरण कर सगळे लिहावे. आठ वर्षांनंतर मालगाडीची योग्यता तपासणी दरवर्षी लागते, आणि पंधरा वर्षांपुढील गाडीचे शुल्क आता पुष्कळ वाढले आहे, तेही धरावे. गाडी किती दिवस बंद पडली, हेही लिहावे. वर्षाची बेरीज भाड्याच्या गाडीच्या खर्चाशी आणि नव्या गाडीच्या हप्त्यांशी ताडून पाहावी. बेरीज कमी असेल तर शेजारी काहीही म्हणोत, गाडी ठेवावी. जास्त असेल तर माया आवरावी. ब्रेक आणि स्टिअरिंगचा भरवसा उरला नसेल, तर मात्र वही उघडूच नये. गाडी रस्त्यावरून काढावी.

आमच्या त्या सभासदांनी वही घातली, नवा पाटा टाकला आणि गाडी ठेवली. यंदा बेणे त्यांनी दोन खेपांत नेले. आम्ही बांधावर उभे होतो. या वेळी तोंड मिटून.