'अपॅरंट' म्हणजे दिसते तेवढेच?

मागील पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एक तरुण बांधकामावर परांचीवरून पडला. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर 'नो अपॅरंट इंज्युरी' असे तीन शब्द होते. मुकादमाने ते वाचले आणि घरच्यांना सांगून टाकले, "डॉक्टरच लिहितात, इजा नाही. उद्यापासून कामावर पाठवा." पोराला मात्र कूस बदलता येईना. त्याची आई तो कागद घेऊन रात्री आमच्याकडे आली.

आम्ही म्हणालो, "मावशी, इजा नाही असे यात लिहिलेले नाही. वरून पाहता दिसत नाही, एवढेच आहे." दुसऱ्या दिवशी फोटो काढला, तर बरगडीला तडा!

हा शब्द मोठा फसवा आहे. मूळ लॅटिन, अर्थ दृष्टीस पडणे. 'अपिअर' हे क्रियापद त्याच घराण्यातले. पण दृष्टीस पडते ते कधी अगदी उघड असते, तर कधी नुसते वरवरचे. इंग्रजीने दोन्ही अर्थ एकाच शब्दावर लादले. मग ओळखायचे कसे? जागा पाहावी. नामाच्या आधी आला तर बहुधा 'वरकरणी': 'अपॅरंट कॉज' म्हणजे सकृद्दर्शनी कारण, खरे वेगळे निघू शकते. 'इट इज अपॅरंट' असे वाक्यात आले, तर 'उघड आहे'.

विज्ञानात पहिलाच अर्थ चालतो. विहिरीत सरळ वरून पाहिले, तर चार फूट पाणी सुमारे तीन फूटच भासते. त्याला 'अपॅरंट डेप्थ' म्हणतात. पोहू न येणारी मुले इथेच फसतात.

नामाच्या मागे आला की पुन्हा पक्का अर्थ. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 47 मध्ये पुनर्विलोकनासाठी जी चूक सांगितली आहे, ती 'अपॅरंट' म्हणजे अभिलेखावर ढळढळीत दिसणारी. इंग्लंडच्या गादीचेही तसेच. चार्ल्स 1952 ते 2022 'एअर अपॅरंट', म्हणजे पक्के वारस होते. त्यांच्या आई एलिझाबेथ गादीवर येईपर्यंत तशा नव्हत्या. भाऊ जन्मला असता तर हक्क त्याच्याकडे गेला असता! 'अपॅरंटली' मात्र आपल्या 'म्हणे'सारखे: 'साहेब म्हणे रजेवर आहेत.'

लोकांचे अर्ज लिहिताना आम्ही हा शब्द टाळतो. उघड असेल तिथे सरळ 'क्लिअर' लिहितो. मुकादमाला द्यायच्या अर्जातही तेच लिहिले, आणि फोटोची प्रत जोडली.