बॅरन बेटाशेजारचा गाळ

२३ जानेवारी २०१७ची दुपार. गोव्यातील दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘सिंधु संकल्प’ हे जहाज अंदमानच्या समुद्रात बॅरन बेटाजवळ तळाचे नमुने घेत होते. मोहिमेचे प्रमुख होते डॉ. अभय मुधोळकर. काम चालू असतानाच बेटावरच्या ज्वालामुखीच्या मुखातून एकाएकी राख उसळू लागली. साधारण मैलभर अंतरावरून निरीक्षण सुरू झाले. पाच-दहा मिनिटांचा एक उद्रेक, थोडी उसंत, पुन्हा उद्रेक. दिवसा नुसते राखेचे लोट दिसत होते. अंधार पडल्यावर तांबड्या लाव्ह्याची कारंजी आणि उतारावरून ओघळणारे प्रवाहही दिसू लागले.

पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवरचे हे बेट म्हणजे ज्वालामुखीचा नुसता शेंडा. त्याचा पायथा पाण्याखाली दोन किलोमीटरहून खोल आहे. दीडशे वर्षांच्या झोपेनंतर १९९१मध्ये तो जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतोच आहे. २६ जानेवारीला डॉ. नागेंदर नाथ यांच्या नेतृत्वाखाली दुसरी तुकडी तिथे पोहोचली. उद्रेक चालूच होते. या तुकडीने आसपासचे पाणी आणि गाळ गोळा केला. त्यात कोळशासारखे काळे, ज्वालामुखीतून फेकले गेलेले तुकडे सापडले. गाजावाजा आगीच्या दृश्यांचा झाला; पण खरे मोल या तुकड्यांचे. दूरच्या गाळात एखादा राखेचा थर सापडला, तर तो याच ज्वालामुखीचा की दुसऱ्या कुणाचा, हे ठरवायला मुखाजवळच्या नमुन्यांशी त्याची रासायनिक घडण ताडून पाहावी लागते.

हा गाळ वर आणणे हे निगुतीचे काम आहे. लांब पोलादी नळी, तिच्या आत प्लास्टिकची नळी, डोक्यावर जड वजन, खालच्या तोंडाला धार आणि आत शिरलेला गाळ सांडू नये म्हणून पाकळ्यांची झडप, असे हे ‘कोअरर’. विंचवरून तार सेकंदाला मीटरभर सुटत असली, तरी तीन हजार मीटर खाली जायला पन्नास मिनिटे लागतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. नजर असते ती तारेवरच्या ताणाच्या आकड्यावर. नळी तळात रुतली की ताण एकदम उतरतो, उपसताना पुन्हा चढतो. डेकवर आल्यावर आतली नळी काढायची, दोन्ही तोंडे बंद करायची आणि वरची बाजू कोणती याची खूण लगेच करायची. ती खूण चुकली की हजारो वर्षांचा क्रमच उलटा होतो.

प्रयोगशाळेत ती नळी उभी चिरतात. एक अर्धा भाग जपून ठेवायचा, दुसऱ्याचे पातळ काप घ्यायचे. काप ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला की चिखल वाहून जातो आणि मागे उरतात फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांची वाळूच्या कणाएवढी कवचे. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून वेगळे करावे लागते. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून जुन्या समुद्राचे तापमान आणि मोसमी पावसाचा अंदाज लागतो. ज्वालामुखीची काच सापडली तर तो थर इतर ठिकाणच्या थरांशी जुळवता येतो. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची राख हिंदी महासागराच्या गाळात अशीच सापडली आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी इथेही ज्वालामुखीची राख आहे. तिच्या वयावर अभ्यासक वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. नदीचे पाणी राख हलवते, पुन्हा पसरवते. खोल समुद्रात हा धोका बराच कमी, म्हणून तिथल्या नोंदीला जास्त वजन.

समुद्रतळाचे नमुने घेणे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला नवे नाही. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. १९७६मध्ये ‘गवेषणी’ जहाज कामाला लागले आणि २६ जानेवारी १९८१ रोजी त्याने अरबी समुद्राच्या तळावरून बहुधातुक गोटे वर काढले.

पण गाळ उपसणाऱ्या नळीची मजल काही मीटरांचीच. त्याहून जुना इतिहास वाचायला तळात खोल छेद घ्यावा लागतो. भिवंडीच्या आसपासच्या खाणींतून जी काळी खडी निघते, ती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याची. तिथल्याच पश्चिम किनाऱ्यासमोर, समुद्राखालच्या लक्ष्मी खोऱ्यात, रामन आणि पणिक्कर हे सागरी पर्वत आणि सपाट माथ्याचा वाडिया पर्वत बुडालेले आहेत. २०१५च्या एप्रिल-मेमध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने या खोऱ्यात दोन ठिकाणी तळाखाली सुमारे ११०० मीटरपर्यंत छेद घेतला. भूशास्त्रज्ञ पीटर क्लिफ्ट यांच्यासोबत गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे धनंजय पांडे मोहिमेचे सहप्रमुख होते. सिंधू नदीने आणलेला गाळ मिळाला. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी समुद्राखाली कोसळलेल्या प्रचंड दरडीचा थर मिळाला. एका ठिकाणी त्याची जाडी ३०० मीटरहून अधिक भरली. दुसऱ्या छेदाच्या बुडाशी बॅसाल्ट लागला.

तरीही या खोऱ्याचा तळ ताणून पातळ झालेल्या भूखंडाचा की अस्सल सागरी कवचाचा, हा वाद मिटलेला नाही. त्यासाठी आणखी छेद हवेत. ‘जॉइडिस रेझोल्यूशन’च्या मोहिमा २०२४मध्ये थांबल्या आणि भारताच्या संशोधन जहाजांवर इतक्या खोल छेदाची सोय नाही. ती सोय उभी करायला हवी. समुद्रातला हा प्रश्न मुंबईच्या दारातला आहे.