लर्निंग इंजिनीअरिंग म्हणजे काय? प्रवेश घेण्याआधी हे वाचा

अर्धा अधिक एक तृतीयांश किती? अनेक मुलांचे उत्तर असते, दोन पंचमांश. ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. ॲप लाल फुली दाखवून पुढचे गणित देते. मूल चुकले हे कळते, पण का चुकले ते नाही. ते शोधून धडा सुधारण्याचे काम लर्निंग इंजिनीअर करतो.

संकल्पना कुणाची?
१९६० च्या दशकात हर्बर्ट सायमन यांनी महाविद्यालयांना असे तज्ज्ञ हवेत, असे मांडले. त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते अमेरिकेतील ज्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवत, तिथे आज या विषयात पदव्युत्तर पदवी घेता येते. बोस्टन कॉलेजमध्येही असा अभ्यासक्रम आहे.

काय शिकवतात?
माणूस कसा शिकतो याचे मानसशास्त्र, धड्याची रचना, चाचण्या आणि डेटा विश्लेषण. धडा तयार करायचा, विद्यार्थ्यांवर तपासायचा, अडखळण्याची जागा शोधायची आणि तो पुन्हा बांधायचा, असे हे चक्र चालते.

भारतात पर्याय?
आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करता येते.

निवडताना काय पाहावे?
नुसते कोडिंग किंवा आकर्षक व्हिडिओ शिकवणारा अभ्यासक्रम अपुरा आहे. तुम्ही बनवलेला धडा खऱ्या विद्यार्थ्यांसमोर तपासला जाणार का, हे फी भरण्याआधीच विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर नाव काहीही असो, ते लर्निंग इंजिनीअरिंग नव्हे.