शेड पडत नाही, उडते !



ट्रॅक्टर आता आपल्या भागात नवलाईचा राहिलेला नाही. पण लाखो रुपयांचे हे यंत्र अजून पुष्कळ वस्त्यांवर लिंबाखालीच उभे असते. सीटवर पोते टाकले, सायलेन्सरवर डबा उपडा घातला की झाली व्यवस्था ! उन्हाने टायरला भेगा पडतात, पावसाचे पाणी वायरिंगमध्ये शिरते. म्हणून उसाचे बिल हाती आले की “यंदा शेड मारायचीच” असे अनेक जण ठरवतात. विचार उत्तम आहे. फक्त पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, याच्या चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

छप्पर म्हटले की आपल्याला वरचा भार आठवतो. माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला ते साहजिकच आहे. पत्र्याचे मात्र उलटे असते. पत्र्याला भार असा नसतोच. त्याला खालून वर उचलणारा वारा हा खरा शत्रू. वळवाच्या वावटळीत शेड खाली बसल्याचे क्वचित ऐकू येते, उडाल्याचे मात्र दरवर्षी.

थोडा हिशेब करू. इमारतींवरील वाऱ्यासाठी आय.एस. ८७५ हे भारतीय मानक आहे. त्यात पुणे व नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. नागपूरसाठी तो ४४ मीटर आहे. ३९ मीटरच्या झोताचा दाब दर चौरस फुटाला साधारण साडेआठ किलो होतो. उलट अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस फुटाला अर्धा किलोसुद्धा भरत नाही. २० बाय ३० फुटांची शेड म्हणजे ६०० चौरस फूट. अशा वाऱ्यात त्या छपराला वर ओढणारी ताकद ढोबळमानाने ५ टनांच्या घरात जाते. तीन बाजू बंद आणि तोंड उघडे असेल तर आत शिरलेला वारा आणखी जोर लावतो. छत्री उलटते, तसाच हा प्रकार.

आता सांगा, पत्र्यावर ठेवलेले दहा-वीस दगड काय करणार ? वारा मोठा आला की पत्रा तर जातोच, वर दगड खाली येतात. खाली कोण असते ? गोठ्यातली जनावरे, आडोशाला थांबलेली ऊसतोड मजुरांची पोरे, आपलीच म्हातारी माणसे. पत्र्यावर दगड ठेवावा लागतो, याचा अर्थ शेड नीट बांधलेली नाही.

पाया. “शेडला कशाला एवढा पाया ? दीड फूट खड्डा घे आणि पाईप उभा कर” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पाया येथे भार पेलायला नसून शेड जमिनीला धरून ठेवायला असतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्ड्यातील काँक्रीटचे वजन सुमारे ८ क्विंटल होते. दहा-दहा फुटांवर खांब घेतले तर वरच्या मापाच्या शेडला आठ खांब लागतात. म्हणजे ६४ क्विंटलचा नांगर जमिनीत गाडला जातो. मग वारा ओढू दे की ! काळ्या रानात माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तेथे मुरूम लागेपर्यंत खाली गेलेच पाहिजे. काँक्रीटमध्ये बोल्ट बसवून त्यावर खांबाची प्लेट आवळावी आणि निदान सात दिवस पाणी मारल्याशिवाय खांब उभे करू नयेत. खांबांमध्ये तिरपे आधार घ्यायला विसरू नये.

माप. आधी टेप घेऊन ट्रॅक्टरपाशी जा. हूडसकट उंची मोजा आणि वर दोन फूट सोडा. ट्रॉली, रोटाव्हेटर, पलटी नांगर हे सगळे जमिनीवर आखून पाहा आणि वळायला जागा ठेवा. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून उघडे तोंड शक्यतो पूर्वेला करावे. वळवाला मात्र दिशा नसते, हे ध्यानात असू द्यावे. विजेच्या तारेखाली शेड नको. पाचट ट्रॅक्टरजवळ साठवू नये. खताच्या गोण्या पत्र्याला टेकवू नयेत. खताचा क्षार ओल धरतो आणि लोखंड खातो.

पत्रा. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की आपण आकड्यावरून नजर हलवत नाही. मग पत्रा घेतानाच काटा का विसरावा ? दुकानदार “पॉइंट पन्नास” म्हणतो, आपण मान डोलावतो. चार फूट रुंदीच्या सपाट पट्ट्यापासून केलेला दहा फुटी, अर्धा मिलिमीटरचा पत्रा साधारण साडेचौदा किलो भरतो. तोच पॉइंट चाळीस असेल तर पावणेबारा किलोच्या आसपास. एक पत्रा काट्यावर ठेवा, खरे-खोटे तिथेच कळेल. पत्रा ज्यांवर बसतो त्या पर्लिन चार फुटांच्या आत घ्याव्यात. छपराच्या कडेला आणि कोपऱ्यांना वारा सर्वांत जास्त ओढतो, तेव्हा तेथे स्क्रू दाट मारावेत. प्रत्येक स्क्रूला रबरी वॉशर हवाच. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर रेड ऑक्साइड मारून घ्यावा, कारण गंज प्रथम तेथेच धरतो.

कागद. चौरस फुटाचा एकच भाव ठरवून मोकळे होऊ नका. भाव कमी दिसतो, कारण पाईप हलका असतो. तिघांकडून लेखी दर घ्या. पाईपचे माप व जाडी, पर्लिनची संख्या, पत्र्याची जाडी, पायाचे माप, जी.एस.टी. आणि वाहतूक हे सर्व त्यात लिहून घ्या. पुढे कधी वर सोलर पॅनेल टाकायचा विचार असेल तर आधीच सांगा. शेड याहून मोठी असेल तर इंजिनिअरला दाखवून घ्या. त्याची फी उडालेल्या छपरापेक्षा स्वस्त पडते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतीची अवजारे, खत, चारा व धान्य ठेवण्याच्या बांधकामाला शेतघर मानले आहे. तरी गाव, रस्ता आणि क्षेत्र यांप्रमाणे अटी बदलतात. सबब तलाठी व ग्रामपंचायतीकडे चौकशी करूनच खड्डे खणावेत.

जाता जाता, पन्हळ लावायला विसरू नका. ६०० चौरस फुटांवर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे २८ हजार लिटर पाणी. ते पायाशी मुरण्यापेक्षा टाकीत गेलेले बरे.

वळीव एप्रिल-मे महिन्यांत येतो. तेव्हा काम शिमग्याच्या आत उरकावे. पैसा कमी पडत असेल तर शेड लहान करा, बाजूचे पत्रे पुढच्या वर्षी लावा, रंग साधा घ्या. पण पाया, बोल्ट आणि पत्र्याची जाडी यांत काटकसर नको. ज्यांच्या पत्र्यावर आज दगड आहेत, त्यांनी ते या हंगामात उतरवावेत आणि त्यांच्या जागी स्क्रू मारावेत, एवढीच विनंती.