शिपायाचें पेन्शन आणि शहराचें दिवाळें

पेन्शन हा शब्द आमच्या घरांतून इतका रुळला आहे कीं, तो परका आहे याची आठवणहि कोणास होत नाहीं. माजघरांत मुलीच्या स्थळाची चौकशी चालली असो, वा ओसरीवर घराच्या डागडुजीचा बेत शिजत असो, वडील माणसांस महिन्याकांठीं काय मिळतें हा प्रश्न ओघानेंच निघतो. परंतु देणारा तें कोठून देतो, हें घेणाऱ्यानें क्वचितच विचारलेलें असतें. अमेरिकेंतील कांहीं शहरांवर हा प्रश्न गेल्या पंधरा वर्षांत मोठ्या निष्ठुरपणें विचारण्याची पाळी आली; आणि तोहि पोलीस व आगीच्या बंबावरील लोक यांच्याविषयीं. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या दोन वर्गांचें पेन्शन इतरांहून निराळें कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कारकुनास साठीपर्यंत लेखणी चालवितां येते. पण धुरानें कोंदलेल्या जिन्यावरून पाठीवर ओझें घेऊन चढणें, किंवा अपरात्रीं चोरामागें धांवणें, हीं कामें त्या वयाच्या माणसाकडून होत नाहींत. म्हणून त्यांस लवकर निवृत्त करावयाचें, आणि मध्येंच जायबंदी झाल्यास किंवा प्राणास मुकल्यास बायकामुलांची सोय लावावयाची, असा संकेत पडला. न्यूयॉर्क शहरानें १८५७ सालीं पोलिसांकरितां असा फंड काढला. बंबवाल्यांचीहि सोय पुढें झाली. यांत आणखी एक गोम आहे. १९३५ च्या कायद्यानें अमेरिकेंत वृद्धांकरितां जें सार्वत्रिक वेतन सुरू झालें, त्यांतून संस्थानांच्या व नगरपालिकांच्या नोकरांस आरंभीं वगळलें होतें. पुढें आंत येण्याची मुभा मिळाली, तरी पुष्कळ शहरांचे पोलीस व बंबवाले बाहेरच राहिले. अशा शिपायास म्हातारपणीं शहराचें पेन्शन हीच एक काठी. ती मोडली तर दुसरी नाहीं.

टेक्सस संस्थानांतील डॅलस शहराची गोष्ट विस्तारानें सांगण्यासारखी आहे. तेथें पोलीस व बंबवाले यांचा एक समाईक फंड आहे. अनुभवी माणसें लवकर सोडून जाऊं नयेत म्हणून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक युक्ति काढण्यांत आली. पेन्शनला पात्र झालेल्या शिपायानें नोकरी चालूंच ठेवावी, पगार घ्यावा, आणि त्याचें पेन्शन मात्र दरमहा फंडांतील त्याच्या निराळ्या खात्यांत पडत जावें. यापर्यंत ठीक होतें. पण त्या खात्यावर दरसाल सुमारें आठ टक्के, आणि कधीं त्याहूनहि अधिक, व्याजाची हमी देण्यांत आली. आठ टक्क्यांनीं रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते, हें आमच्या घरांतील शाळकरी मुलगाहि सांगेल. कित्येकांच्या खात्यांत दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. व्याज ठरविणारें मंडळहि परकें नव्हतें. त्यांत पोलीस, बंबवाले व पेन्शनर यांच्या प्रतिनिधींचेंच बहुमत होतें. पंगतींत वाढपी आपलाच असला म्हणजे तुपाची धार जरा लांबतेच!

हमीचें व्याज मिळवावयाचें तर पैसा तितक्याच जोमानें वाढावयास हवा. म्हणून फंडानें जमीनजुमल्यांत उडी घेतली. दूरदूरच्या जमिनी व मळे घेतले आणि खुद्द डॅलसमध्यें श्रीमंतांकरितां काचेची बेचाळीस मजली इमारत उठविली. या इमारतीच्या काचांवरून परावर्तित होणारें ऊन शेजारच्या नॅशर शिल्पसंग्रहालयांत पडूं लागलें आणि त्यावरून गांवांत मोठा तंटा माजला. शिपायांच्या म्हातारपणाचा पैसा कलाकृतींवर ऊन पाडण्याच्या कामीं लागावा, हा विनोद कोणा नाटककारासहि सुचला नसता. पुढें या मालमत्तांच्या फुगविलेल्या किमती उतरवाव्या लागल्या आणि तिजोरीचा तळ दिसूं लागला.

१९१६ नव्हे, २०१६ सालची ही गोष्ट, हें आम्ही मुद्दाम सांगतों. त्या वर्षीं ७ जुलै रोजीं एका बंदूकधाऱ्यानें डॅलसमध्यें पांच पोलीस अधिकाऱ्यांचे प्राण घेतले. सारा देश हळहळला. आणि पुढच्याच महिन्यांत त्यांच्या सोबत्यांनीं फंडाच्या दाराशीं रांग लावली. बँक बुडते अशी आवई उठली कीं ठेवीदार लावतात, तशी. कांहीं महिन्यांत पन्नास कोटि डॉलरांहून अधिक रक्कम निघून गेली. डिसेंबरांत नगराध्यक्ष माइक रॉलिंग्ज यांनीं फिर्याद लावली व मंडळानें रकमा देणें थांबविलें. आधीं धांवला त्याला मिळालें, विश्वासानें घरीं बसला तो अडकला.

२०१७ सालीं विधिमंडळानें कायदा करून घडी बसविली. निवृत्तीचें वय ५८ ठरलें. वर्गणी पगाराच्या साडेतेरा टक्क्यांवर गेली. शहराचा वांटा साडेचौतीस टक्के झाला. महागाईप्रमाणें होणारी वाढ फंड सुदृढ होईपर्यंत बंद झाली. सांठलेली रक्कम एकदम न देतां आयुर्मानाच्या हिशेबानें हप्त्यांनीं देण्याचें ठरलें. आणि मंडळांत नगराध्यक्षानें नेमलेल्या सभासदांस बहुमत मिळालें. कडू खरें, पण कोणा एकाच्याच घशांत ओतलेलें नव्हे, म्हणून आम्हांस तें न्यायाचें वाटतें.

या सर्व रोगाचें मूळ एका आंकड्यांत आहे. वीस वर्षांनीं हजार डॉलर द्यावयाचे आहेत असें समजा. पैसा दरसाल आठ टक्क्यांनीं वाढेल असें मानलें तर आज सुमारें २१५ डॉलर बाजूला ठेवून भागतें. पांच टक्केच वाढेल असें मानलें तर ३७७ लागतात. आशावादी हिशेबनीस सर्वांसच प्रिय. शहराच्या कारभाऱ्यांस कर वाढवावा लागत नाहीं, युनियनला वाढीव वचन मिळतें, आणि उणीव भरण्याचें काम अशा माणसांवर येतें कीं, ज्यांना त्या वेळीं मतहि नव्हतें. वचन देतांना पैसा बाजूला न ठेवणें हें कर्ज काढण्यासारखेंच आहे. फरक इतकाच कीं, त्या कर्जाचा कागद कोणी वाचीत नाहीं.

कर्जाची आणि पेन्शनची गांठ पडली म्हणजे काय होतें, तें र्‍होड आयलंडमधील सेंट्रल फॉल्स या चिमुकल्या शहरानें दाखविलें. २०११ च्या ऑगस्टांत त्यानें दिवाळें काढलें. त्यापूर्वींच संस्थानानें असा कायदा केला होता कीं, रोखेवाल्यांचा हक्क आधीं. रोखेवाल्यांस पैसा पुरा मिळाला. निवृत्त पोलीस व बंबवाल्यांचें पेन्शन मात्र कांहींच्या बाबतींत ५५ टक्क्यांपर्यंत कापलें गेलें. पुढें संस्थानानें थोडी भर घातली. रोखेवाल्याची पत जपली नाहीं तर पुढें कोणी कर्ज देणार नाहीं, हें म्हणणें आम्हांस समजतें. पण म्हाताऱ्या बंबवाल्यानें पुन्हा शिडी चढावी, अशी कोणाची अपेक्षा होती काय?

डेट्रॉइटचें दिवाळें त्याहून फार मोठें. १८ जुलै २०१३ रोजीं त्या मोटारींच्या नगरीनें सुमारें १८०० कोटि डॉलरांच्या देण्यासाठीं हात वर केले. मिशिगनच्या घटनेंत पेन्शनला संरक्षण होतें. तरीहि न्यायाधीश स्टीव्हन र्‍होड्स यांनीं डिसेंबरांत निर्णय दिला कीं, दिवाळखोरीच्या कायद्यापुढें तें टिकत नाहीं. धनको शहराच्या कलासंग्रहालयाकडे बोट दाखवूं लागले. तेथील चित्रें विका म्हणाले. शेवटीं दानसंस्था, संस्थान सरकार व खुद्द संग्रहालय यांनीं मिळून वीस वर्षांत ८० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचें कबूल केलें. चित्रें वांचलीं व पेन्शनहि पुष्कळ अंशीं वांचलें. पोलीस व बंबवाल्यांच्या मूळ पेन्शनला हात लागला नाहीं, मात्र दरसालची सव्वादोन टक्के वाढ एक टक्क्याच्या आसपास आली. इतर नोकरांच्या मूळ रकमेंतून साडेचार टक्के गेले व वाढ साफ बंद झाली. ५ जानेवारी २०२५ रोजीं अध्यक्षांची सही झालेल्या एका कायद्यानें, सार्वजनिक नोकरीचें पेन्शन मिळतें म्हणून सार्वत्रिक वेतनांत होणारी काटछांटहि रद्द झाली. तिचा लाभ २८ लाखांहून अधिक लोकांस झाला.

आमच्याकडे नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या नोकरींत आलेल्या पोलिसास जुनें, ठरीव पेन्शन नाहीं. त्याच्या व सरकारच्या वर्गणीचा पैसा बाजारांत गुंतविला जातो. केंद्राच्या अशाच योजनेंतून सेनादलें वगळलीं, पोलीस वगळले नाहींत. हा भेद आम्हांस नीटसा उमगलेला नाहीं. या पालटाविरुद्ध मार्च २०२३ मध्यें राज्याच्या नोकरांनीं आठवडाभर संप केला. केंद्रानें १ एप्रिल २०२५ पासून मधला मार्ग काढला: वर्गणी चालूच राहावी, पण पंचवीस वर्षें नोकरी झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराचा निम्मा भाग खात्रीनें मिळावा, दहा वर्षें झालेल्यास निदान दहा हजार रुपये, आणि पतीच्या मागें पत्नीस त्याच्या पेन्शनाचे ६० टक्के.